पुढच्या जंगलाचे आईबाप किती?

गडचिरोली जिल्ह्यातील एका ग्रामसभेच्या वतीने आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: सामूहिक वनहक्क मिळालेल्या आमच्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा आम्ही तयार करत आहोत. तोड, विरळणी आणि रोपवने यांमुळे देशी झाडांची जनुकीय विविधता घटते, असे एका प्रशिक्षणात सांगण्यात आले. आमचे जंगल तर दाट आणि हिरवे दिसते. मग घटते ते नेमके काय, ते ओळखायचे कसे, आणि आम्ही स्वतःची रोपवाटिका सुरू करताना काय सांभाळावे?

आपला प्रश्न रास्त आहे आणि त्यामागचा गोंधळही रास्त आहे, कारण जी गोष्ट घटते ती डोळ्यांना दिसत नाही. माझी बहुतेक नोकरी विदर्भातील सागवानी जंगलांत, वनसंवर्धन आणि बियाणे या दोन कामांत गेली, म्हणून मी मुख्यतः साग समोर ठेवून उत्तर देतो. आपल्याकडे व्यवस्थापनाचे जवळजवळ सगळे प्रयोग आधी सागावर झाले, आणि मोह, तेंदू, बिजा, शिवण यांच्या वाट्याला त्यांचे परिणाम मागाहून, न मागता आले.

एकाच कूपातील (म्हणजे तोडीसाठी आखलेल्या एकाच वनखंडातील), एकाच मातीतील दोन साग पाहा. एकाचे खोड सरळसोट असते, तर दुसऱ्याचे दोन पुरुष उंचीवरच दुभंगलेले असते. एकाला पालवी लवकर फुटते, तर दुसरा पहिला पाऊस येईपर्यंत उघडाच उभा राहतो. एकाच्या बिया पहिल्या पावसाळ्यात रुजतात, तर दुसऱ्याच्या दोन-दोन वर्षे जमिनीत पडून राहतात. यांतील काही फरक पाण्याचे, उताराचे आणि वणव्याचे असतात, पण काही आईबापांकडून आलेले असतात. प्रत्येक झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक परागकणावाटे बापाकडून आलेली. आणि सबंध जंगलाचा विचार केला तर त्या एकाच जनुकाची अनेक रूपे झाडाझाडांत विखुरलेली आढळतात. काही रूपे जवळजवळ प्रत्येक झाडात असतात, काही शंभर प्रतींमागे पाचच सापडतात, तर काही त्याहूनही विरळ असतात. या रूपांचा एकूण साठा आणि त्यांची झाडांमधील वाटणी म्हणजे जनुकीय विविधता. विरळ रूप आज बहुधा कोणत्याच कामाचे नसते; परंतु नवी कीड आली, पावसाळा महिनाभर पुढे सरकला किंवा लागोपाठ तीन वर्षे दुष्काळ पडला, की त्यांतीलच एखादे उपयोगी पडते, आणि ते कोणते असेल हे आधी कोणालाही सांगता येत नाही.

आता थोडा हिशेब करू, कारण बहुतेक गैरसमजांचे मूळ या हिशेबात आहे. समजा, एका मोठ्या जंगलातून कोणतीही १० झाडे डोळे मिटून निवडली आणि पुढची सगळी पिढी त्या दहांपासूनच निघाली. झाडातील दोन प्रती एकमेकींहून वेगळ्या असण्याची जी सरासरी शक्यता असते, जिला आम्ही विषमयुग्मकता म्हणतो, ती या निवडीमुळे अवघी ५ टक्क्यांनी घटते. अहवालात हा आकडा वाचणाऱ्याला वाटते की ९५ टक्के विविधता सुखरूप आहे. पण जे रूप शंभर प्रतींमागे पाचच वेळा आढळत होते, ते या १० झाडांच्या २० प्रतींत मुळीच न येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. झाडे ५ असतील तर ही शक्यता ६० टक्क्यांच्या घरात जाते, आणि ३० असतील तर ५ टक्क्यांच्याही खाली उतरते. सरासरी टिकलेली दिसत असताना विरळ रूपांची गळती सुरू झालेली असते, ती अशी. शंभर प्रतींमागे एकच आढळणारे रूप तितक्याच भरवशाने हाती यायचे असेल, तर सुमारे १५० झाडे लागतात. या आकड्यांसाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही; नाणेफेकीचा हिशेब ज्याला येतो त्याला हाही मांडता येईल.

त्यामुळे व्यवस्थापनाच्या कोणत्याही पद्धतीकडे पाहताना मी आधी एवढेच विचारतो की, पुढच्या पिढीचे आईबाप किती आहेत, ते कोणी निवडले, आणि ते आपसांत एकाच भावकीतले आहेत का. हेक्टरी किती झाडे उभी आहेत आणि किती रोपे लावली, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण ते दुसरे आहेत.

हिरवे जंगल फसवते ते यामुळेच. आज उभे असलेले ८० वा १०० वर्षांचे झाड हे ८० वा १०० वर्षांपूर्वीच्या जंगलाचे अपत्य असते. मधल्या काळात कितीही तोड झाली असली, तरी मोठ्या झाडांचे नमुने तपासल्यास विविधता बहुधा भरपूर दिसते, कारण ती झाडे तोडीपूर्वीच्या परागीभवनाची साक्षीदार असतात. परिणाम दिसायचा असेल तर तो बियांत, रोपांत आणि मनगटाएवढ्या जाडीच्या झाडांत शोधावा लागतो. व्यवस्थापित आणि अस्पर्शित जंगलांची तुलना करणाऱ्या कित्येक अभ्यासांत फरक नगण्य निघाला आहे, विशेषतः युरोपातील वाऱ्यावर परागण होणाऱ्या, विपुल आणि सलग पसरलेल्या झाडांत. तो निष्कर्ष खोटा नाही. पण तो जसाच्या तसा उचलून, कीटकांवर अवलंबून असलेल्या आणि हेक्टरी एखाद-दुसराच असलेल्या आपल्या झाडांना लावणे मला धोक्याचे वाटते.

सागाचेच पाहू. सागाला ऐन पावसाळ्यात तुरे येतात, एकेका तुऱ्यावर हजारो इवलीशी पांढरी फुले असतात, आणि एक फूल साधारण एकच दिवस टिकते. लहान माश्या आणि इतर कीटक पराग नेतात. पावसाची झड लागली की तेही थांबते. स्वतःच्याच परागावर फळ धरण्याचे प्रमाण सागात फार कमी असते, आणि एवढी फुले येऊनही शंभरांतील एखाद-दुसऱ्याच फुलाचे फळ होते. लहान माशी एका तुऱ्यावरून त्याच झाडाच्या दुसऱ्या तुऱ्यावर सहज जाते, पण शंभर-दोनशे मीटर मोकळे रान ओलांडून पुढच्या सागापर्यंत क्वचितच पोहोचते. तोडीनंतर झाडांमधील अंतर वाढले, की राहिलेल्या सागांना फळे कमी धरतात, आणि जी धरतात त्यांत शेजारच्या दोन-तीन झाडांचाच पराग पुन्हापुन्हा येतो. ती दोन-तीन झाडे एकाच जुन्या सागाची लेकरे असली, तर ही सोयरीक भावकीतच झाली असे समजावे. अशा बियांत पोकळ बियांचे प्रमाण अधिक असते, रोपे खुरटी निघतात आणि त्यांपैकी बरीचशी पहिल्या दोन उन्हाळ्यांतच मरतात. म्हणजे निसर्ग यांतील काही भार स्वतः काढून टाकतो. अडचण येते ती रोपवाटिकेत, जिथे आपण त्याच रोपांना पाणी आणि खत घालून जगवतो.

निवडक तोडीविषयी सर्वांत जास्त बोलले जाते, म्हणून त्याबाबत थोडक्यात सांगतो. चांगले झाड तोडायचे आणि वाकडे, पोकळ, दुभंगलेले झाड कामाचे नाही म्हणून सोडायचे, असे दोन-तीन फेऱ्यांत केले की उरलेल्यांचीच बी पडते. ही उलटी निवड आहे. तिचा परिणाम किती होतो, हे तो गुण कितपत आईबापांकडून उतरतो यावर अवलंबून असते. खोडाचा सरळपणा बऱ्यापैकी उतरतो, उंची आणि जाडी त्या मानाने कमी, कारण तिथे मातीचा हात मोठा असतो. माझ्या मते निवडक तोडीचे खरे नुकसान खोड वाकडे होण्यापेक्षा फळणारी झाडे मोजकी उरण्यात आहे. विरळणी, म्हणजे उरलेल्या झाडांना वाढायला जागा मिळावी म्हणून मधली झाडे काढणे, मात्र एवढी बदनाम होण्याचे कारण नाही. हेक्टरी २५०० रोपांपासून सुरू होणाऱ्या रोपवनात विरळण्या होत होत शेवटी शेदीडशे झाडे राहिली, तरी ती मुळात पुष्कळ आयांची लेकरे असतील तर विविधतेला फारसा धक्का लागत नाही. आणि ती मुळात पाच आयांचीच असतील, तर विरळणी न करूनही काही हाती लागत नाही.

फुटव्यांवर वाढवलेल्या जंगलाचा, म्हणजे ज्याला वनखात्यात सगळे कॉपिस म्हणतात त्या पद्धतीचा, विचार जास्त बारकाईने करावा लागतो. विदर्भातील कितीतरी सागवानी कूप पिढ्यान्पिढ्या असे तोडले गेले: ४० वर्षांच्या सुमाराचे आवर्तन, जमिनीलगत तोड, खुंटाला फुटणारे धुमारे आणि त्यांतील एक-दोन राखून बाकीचे छाटणे. खुंटावरचा फुटवा हे नवे झाड नसते. ते जुनेच झाड नव्या खोडावर उभे असते. त्यामुळे कॉपिसमध्ये विविधता लगेच घटत नाही, उलट ती गोठते, आणि गोठलेली असते तोवर सुरक्षितही असते. ही जमेची बाजू लोक विसरतात. अडचण पुढे येते. प्रत्येक फेरीत काही खुंट सडतात, काही वणव्यात जातात, काही म्हातारे होऊन फुटेनासे होतात, आणि त्यांच्या जागी बियांपासून आलेले नवे रोप उभे राहिले नाही तर यादीतून नावे गळत जातात, नवीन नावे मात्र भरली जात नाहीत. हवामान बदलत असताना आपण आजोबांच्या काळातील जनुकांचे तेच संच तिसऱ्यांदा उगवत राहतो. त्यांची नवी जुळणी होतच नाही. म्हणून आपल्या आराखड्यात कॉपिसचा भाग असेल, तर दर कूपात नुसते 'राखीव' म्हणून सोडायचे वृक्ष न लिहिता, फळ धरण्याच्या वयाचे आणि एकमेकांच्या परागाच्या टप्प्यात असलेले वृक्ष राखायचे असे लिहावे, आणि खुंटांच्या मधल्या जागेत बियांची रोपे आली आहेत का, याची पाचव्या वर्षी नोंद घ्यावी.

तेंदूचा प्रश्न आपल्याला सागापेक्षाही जवळचा आहे, कारण त्याचे पान ग्रामसभेच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे. विडीसाठी पान कोवळे आणि मऊ हवे, म्हणून दरवर्षी हंगामापूर्वी खुटकटाई, म्हणजे झुडपांची छाटणी, होते, आणि काही ठिकाणी त्याच हेतूने आगही लावली जाते. तेंदू मुळांवरूनही धुमारे सोडतो. त्यामुळे एखाद्या टेकाडावर पाचशे झुडपे दिसली, तरी ती पाचशे वेगवेगळी झाडे असतीलच असे नाही. एकाच मुळावरची कित्येक झुडपे म्हणजे जनुकांच्या हिशेबात एकच झाड. शिवाय तेंदूत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि दरवर्षी छाटले जाणारे झुडूप फुलावर येतच नाही. परिणामी, हजारो झुडपांच्या त्या जंगलात पुढच्या पिढीचे खरे आईबाप म्हणजे बांधावर, देवाच्या जागी किंवा नाल्याकाठी वाढू दिलेले मोजके उंच तेंदू. आपल्या क्षेत्रात असे किती आहेत, त्यांत नर किती आणि फळे देणारे किती, हे एकदा फिरून मोजा. मी ज्या ज्या गावात हे करून पाहिले, तिथे लोक आकडा पाहून गप्प झाले. उपाय अवघड नाही: खुटकटाईच्या क्षेत्रात ठरावीक अंतरावर काही धुमारे छाटणीतून कायमचे वगळावेत आणि त्यांना झाड होऊ द्यावे. दोन-चार वर्षे थोडे पान कमी मिळेल, एवढीच त्याची किंमत. चारोळीच्या बाबतीत हेच दुसऱ्या रीतीने घडते. फळे पिकण्याआधीच फांद्यांसकट ओरबाडली जातात आणि जमिनीवर बी पडतच नाही. मोहाची फुले वेचण्याने फळधारणेला बाधा येत नाही, कारण गळून पडणारा मांसल भाग परागीभवनाचे काम आटोपूनच गळतो. परंतु वेचणी सोपी व्हावी म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला की गेल्या वर्षीची सगळी रोपे जळतात.

सागाला जागा करून देण्यासाठी इतर झाडांचे काय झाले, हा भाग बहुतेक अहवालांत एका ओळीत उरकला जातो. १९७२ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने आपल्या अंतरिम अहवालात मानवनिर्मित, उत्पादक वनांचा जोरदार पुरस्कार केला. त्याच विचारातून राज्योराज्यी वनविकास महामंडळे उभी राहिली, आणि आपल्या राज्यातील महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले. कमी मोलाचे समजले जाणारे मिश्र जंगल काढून त्या जागी साग, असा तो काळ होता, आणि आम्ही तरुण कर्मचारी ते मनापासून करत होतो. सागाची संख्या त्याने वाढली. पण बिजा, तिवस, पाडळ, टेटू, शिवण ही झाडे मुळातच विरळ असतात, आणि त्यांच्यातील अर्धी काढली की उरलेली अर्धी एकमेकांच्या परागाच्या टप्प्याबाहेर जातात. टेटूची मुळे दशमुळासाठी खणली जातात, म्हणजे झाडच जाते. आलापल्लीजवळचे 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हे जुने जंगल २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले, ते योग्यच झाले. तिथले साग पाहून कोणाचीही मान आपोआप वर जाते. परंतु ते क्षेत्र सुमारे ६ हेक्टरचे आहे, आणि ज्या जातीचे मोठे झाड दोन हेक्टरांत एक असते तिची तिथे तीनच झाडे मावतील. अशा तुकड्याचे जनुकीय भवितव्य त्याच्या कुंपणात ठरत नाही. भोवतालच्या, रोज वापरात असलेल्या जंगलात त्याच जातीची झाडे फळत राहिली तरच त्याला बाहेरची सोयरीक मिळते. सह्याद्रीतील देवरायांची अडचणही हीच आहे. तिथला एखादा महावृक्ष बियाण्यासाठी अनमोल वाटतो, पण मैलोन्मैल तो एकटाच उभा असेल, तर त्याच्या बियांत त्याचा स्वतःचाच पराग किती, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या बियांची हजारो रोपे करू नयेत.

आता रोपवाटिकेकडे येतो, कारण माझ्या अनुभवात विविधतेची सर्वांत मोठी गळती कुऱ्हाडीपाशी झाली नाही, ती बियांच्या पोत्यापाशी झाली.

बी गोळा करणाऱ्या माणसाला किलोमागे पैसे मिळतात. तो रस्त्याजवळचे, बुटके, फांद्या खाली आलेले आणि फळांनी लगडलेले झाड शोधणार, त्यात त्याचा काहीच दोष नाही. एका चांगल्या फळलेल्या सागाखाली पोते भरते. मग त्या पोत्यातून वाफे भरतात, वाफ्यांतून अंगठ्याएवढ्या जाडीचे स्टंप, म्हणजे खोड आणि मुळे छाटलेली रोपे, निघतात, आणि पावसाच्या तोंडावर ते शेकडो हेक्टरांवर लागतात. एका ठिकाणी मी तपासणीला गेलो असता शिवणीच्या रोपांच्या रांगाच्या रांगा पाहिल्या. रोपे इतकी एकसारखी होती की पाहुण्यांनी कौतुक केले. चौकशी केली तेव्हा समजले की सगळी फळे विश्रामगृहाच्या आवारातील दोन झाडांखालून वेचली होती. त्या रोपांतील कोणतीही दोन घेतली, तरी ती एकाच आईची लेकरे निघण्याची शक्यता निदान निम्मी. ती वेगवेगळ्या तालुक्यांत गेली, लोकांनी ती जगवली, आणि आज ती फळत असतील. कागदावर त्या वर्षीचे उद्दिष्ट पूर्ण झाले होते. २०१६ मध्ये राज्यात एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला आणि २०१९ मध्ये पावसाळ्यातील लागवडीचे उद्दिष्ट ३३ कोटींवर गेले. एवढ्या रोपांचे बी किती झाडांवरून आले, असा रकाना मात्र मी कोणत्याही नमुन्यात पाहिलेला नाही.

दुसरी गळती रुजवण्यात होते, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. सागाचे फळ टणक असते, त्यात चार कप्पे असतात, आणि रुजवण संथ व अनियमित असते. १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी आजच्या केरळातील निलांबूरला सागाचे रोपवन उभारायला घेतले, तेव्हा पहिला अडथळा बी न रुजण्याचाच आला, आणि त्यांच्या हाताखालचे वन अधिकारी चातू मेनन यांनी तो सोडवल्यावरच काम पुढे सरकले. आजही आपण फळे आळीपाळीने भिजवतो आणि वाळवतो, गादीवाफ्यावर पेरतो, पहिल्या काही आठवड्यांत जी रुजली ती रोपे ठेवतो आणि उरलेला वाफा मोडून टाकतो. उशिरा रुजणे हा बियांचा दोष आहे असे आपण गृहीत धरलेले असते. जंगलाच्या दृष्टीने ती तजवीज आहे: पहिल्या पावसानंतर महिनाभर उघडीप पडली तर लवकर रुजलेली सगळी रोपे करपतात, आणि जमिनीत मागे राहिलेल्या बिया वंश चालवतात. दर पिढीत आपण फक्त घाईने रुजणाऱ्यांनाच पुढे पाठवले, तर ज्या गुणाने सागाला लहरी पावसाच्या प्रदेशात टिकवले, तोच आपण हळूहळू वगळत जातो. काही रोपवाटिकांत छोटी रोपे सरसकट उपटण्याची पद्धत आहे, तिलाही हेच लागू आहे.

बीजबागा आणि उतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे यांबद्दल एवढेच सांगतो. १९६० च्या दशकापासून देशात श्रेष्ठ साग निवडून त्यांच्या कलमांच्या बागा लावण्यात आल्या, आणि कल्पना चांगली होती. परंतु लांबलांबच्या प्रदेशांतून आणलेली कलमे एकाच वेळी फुलत नाहीत. फुलली तरी फळधारणा अल्प होते. आणि पुष्कळ कलमे लावलेल्या बागेतही बरेचसे बी मोजक्या कलमांचेच निघते. उतिसंवर्धित साग शेतकऱ्याने आपल्या शेतात लावावा, त्याला एकसारखे लाकूड हवे असते आणि त्यात गैर काही नाही. ग्रामसभेच्या नैसर्गिक जंगलात तो लावू नये, एवढा आग्रह मात्र मी धरीन, कारण थोड्याच कलमांची लाखो झाडे जंगलाच्या कडेला फुलू लागली की त्यांचा पराग आत येतोच.

बाहेरून बी आणण्याचा मोह होतो, विशेषतः केरळ-कर्नाटकातील सागाचे नाव ऐकून. जनुकीय खुणांवरून झालेल्या अभ्यासांत असे दिसले आहे की भारतातील सागात मोठी विविधता आहे, आणि दक्षिणेकडील पश्चिम किनाऱ्यालगतचा साग व मध्य भारतातला साग हे बऱ्यापैकी वेगळे गट आहेत. अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात घडलेला साग आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आणायचा असेल, तर तो प्रयोग म्हणून, वेगळ्या जागी आणि नोंद ठेवून करावा. पण 'स्थानिक' या शब्दाचा अतिरेकही नको. गावाच्या शिवेतलेच बी, असा हट्ट धरला तर बिजासारख्या झाडाची चार-पाचच फळणारी झाडे मिळतील, आणि मग भावकी टाळता येणार नाही. पाऊस, माती आणि उंची साधारण सारखी असलेल्या शेजारच्या दहा-पंधरा ग्रामसभांनी बियांची देवाणघेवाण केली, तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. आपल्याकडे सोयरिकी जशा पंचक्रोशीत होतात, तेवढे अंतर झाडांनाही पुरते.

ओळखायचे कसे, हे आपण विचारले आहे. जनुकीय तपासणी करता येते; कोइम्बतूरची वन आनुवंशिकी व वृक्ष प्रजनन संस्था आणि जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था अशा विषयांवर काम करतात, आणि मोठ्या झाडांची व रोपांची पाने शेजारीशेजारी तपासली तर मी वर सांगितलेला पिढ्यांमधील फरक समजतो. परंतु तपासणीवाचून काम अडू देऊ नका. प्रत्येक महत्त्वाच्या जातीची फळ धरणारी झाडे किती आहेत, त्यांतील अंतर किती, फळे कापली असता पोकळ किती निघतात, आणि मनगटाएवढ्या जाडीची, बियांपासून आलेली झाडे जागेवर आहेत की मधली पिढीच गायब आहे, या चार गोष्टी पायी फिरून, कोयता आणि वही घेऊन नोंदवता येतात. मधली पिढी गायब असेल तर आधी चराई आणि वणवा यांचा बंदोबस्त करावा. रोपे लावणे त्यानंतर.

रोपवाटिकेसाठी दर जातीची किमान ३० मातृवृक्षे निश्चित करा, जमल्यास ५० करा. ती एकमेकांपासून साधारण ५० ते १०० मीटर दूर असावीत, म्हणजे ती सख्खी भावंडे असण्याची शक्यता कमी होते. सगळी सरळ आणि सुंदरच हवीत असा हट्ट नको; रोगट झाडे वगळा, पण ओढ्याकाठची, उतारावरची, खडकाळ माथ्यावरची अशी सगळ्या जागांवरची घ्या. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या आणि स्थान नोंदवा. ज्या वर्षी फळ सर्वत्र चांगले आले आहे त्या वर्षी बी जास्त गोळा करा, कारण तुरळक फळाच्या वर्षी मोजकीच झाडे बाप झालेली असतात. प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या पिशवीत आणा आणि मापट्याने सारखे मोजून मगच एकत्र करा. हे न केल्यास तीस झाडांचे नाव लागते आणि बी दोन झाडांचे असते. गोळा करणाऱ्याला किलोवर मजुरी न देता झाडामागे द्या, म्हणजे बरेचसे प्रश्न आपोआप मिटतात. सागाची फळे डिसेंबरपासून पुढे उतरवावीत. मोहाचे बी मात्र जून-जुलैत पडताच ताजे पेरावे, ते साठवणीत टिकत नाही.

आणि सागाचा वाफा पहिल्या पावसाळ्यानंतर मोडू नका. रुजलेली रोपे काढून घ्या, वाफ्यावर पाचोळ्याचे आच्छादन घाला, कडेला पेरणीचे वर्ष आणि मातृवृक्षांचे क्रमांक लिहिलेली पाटी रोवा आणि पुढच्या पावसाची वाट पाहा. दुसऱ्या वर्षी उगवलेली रोपे वेगळ्या रांगेत वाढवा, आणि लावताना ती पहिल्या वर्षीच्या रोपांत मिसळून लावा.